बाबाला नापास करायची शिकवणी

माझ्या बाबाला नापास व्हायला मी शिकवलं. आमच्याच स्वयंपाकघरात, भर जुलैत, टेबलावर कलिंगडाच्या साली पडलेल्या असताना, हातात स्टॉपवॉच घेऊन.

"पुन्हा," मी म्हणाले. "दहा शब्द. कोपर, लोणी, गालिचा, घोडा, बुडबुडा, शिडी, मध, खिळा, टोपी, ढग. चल, म्हण."

बाबानं दहाच्या दहा म्हटले. वर उलट्या क्रमानंही म्हणून दाखवले आणि जीभ बाहेर काढली.

"अरे, इतका हुशार नको ना होऊस!" मी कपाळावर हात मारला. "चार. चारच सांगायचे."

"तीन सांगतो की. सोपं पडेल."

"तीन सांगितलेस तर डॉक्टर म्हणतील, हा नाटक करतोय, आणि पुन्हा परीक्षेला बसवतील. पाच म्हणजे जास्त. चार म्हणजे बरोब्बर काठावर. तुझ्यासारख्या मठ्ठाला शोभून दिसतील."

"मठ्ठ कोणाला म्हणतेस गं? पंधरा वर्षं मैदानात काढली आहेत मी!"

"म्हणूनच तर कोणाला शंका येणार नाही."

इतका हसला तो, की खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मग आम्ही एका पायावर, डोळे मिटून उभं राहायचा सराव केला. वीस सेकंदांत सहा वेळा पाय टेकायचा, सात वेळा नाही. डिसेंबरपासून मागे महिने म्हणताना ऑगस्टपाशी अडखळायचं आणि "थांबा हं" म्हणायचं. ते "थांबा हं" माझं. आमच्या वर्गातला एक मुलगा फळ्यापाशी गेला की असंच म्हणतो आणि बाई त्याच्यावर विश्वास ठेवतात.

आता हे सगळं कशासाठी? तर हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा होते, डोकं ठणठणीत असताना. ते मार्क संगणकात राहतात. मग सामन्यात डोक्यावर मार बसला की तुम्हाला मैदानाच्या कडेला निळ्या तंबूत नेतात आणि तीच परीक्षा पुन्हा घेतात. मार्क जुलैइतकेच आले तर डोकं शाबूत, जा, खेळा. म्हणून बाबाच्या ओळखीतले निम्मे खेळाडू जुलैत मठ्ठ होतात. आधीच खाली बसलेल्या माणसाला आणखी खाली कोण पाडणार?

मला त्या दिवशी किती भारी वाटलं होतं म्हणून सांगू! मी पंधरा वर्षांची आणि माझा बाबा माझ्याकडून शिकतोय.

तो म्हणजे वेंडेल हलुश्का. तुम्ही नाव ऐकलं नसेल, कारण पंधरापैकी अकरा वर्षं तो अमेरिकन फुटबॉलमधला राखीव क्वार्टरबॅक होता. सहा शहरं, सहा रंगांच्या जर्सी, आणि बाकापाशी उभं राहून दुसऱ्याला टाळ्या. क्वार्टरबॅकचं काम सांगायला सोपं आहे. चेंडू हातात घेऊन उभं राहायचं, लांब पळणाऱ्या आपल्या माणसाकडे बघायचं आणि सव्वाशे किलोची माणसं तुमची हाडं मोडायला धावत येतायत त्यांच्याकडे बघायचं नाही. जो त्यांच्याकडे बघतो तो संपला. बाबा कधीच बघायचा नाही. त्यामुळे तो फार सुंदर फेकायचा आणि फार वाईट आपटायचा.

सॅक्रामेंटोत मूत्रपिंडावर गुडघा बसला आणि लघवी लाल झाली, तर हा म्हणाला, काल बीट खाल्लं होतं. बोईझीत करंगळीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, तेव्हा त्यानं दातांनी ओढून हातमोजा चढवला आणि पुढचा चेंडू चाळीस यार्ड फेकला. एकदा जबडा तारेनं बांधून घरी आला. मी तेव्हा दोन वर्षांची होते. त्याला बघून मी टेबलाखाली लपले आणि दोन दिवस बाहेर आले नाही. आई हे हसत सांगते, पण सांगताना कपडे आवरायला लागते.

यंदा सप्टेंबरात आमच्या संघाच्या, म्हणजे एरी स्टोकर्सच्या, मुख्य क्वार्टरबॅकचा खांदा उखडला आणि सदतिसाव्या वर्षी बाबाला जागा मिळाली. त्यानं नऊ सामने जिंकून दिले! आणि त्याच सप्टेंबरात मी आमच्या शाळेच्या मुलींच्या संघाची क्वार्टरबॅक झाले. आमच्यात कोणी कोणाला पाडत नाही, कमरेचा पट्टा ओढायचा असतो, पण हाका तशाच द्याव्या लागतात. आधी मी वर्गात "हजर" म्हणायलाही कापायचे. बाबानं मला अंगणात उभं केलं. म्हणाला, "घशातून नको. पोटातून ओरड. शेजाऱ्याचं कुत्रं बसलं पाहिजे." तिसऱ्या दिवशी कुत्रं बसलं.

डिसेंबरचा शेवटचा रविवार, दुपारी एक, आमच्याच मैदानावर ओमाहा बुचर्सशी सामना. जिंकलो तर जानेवारीतल्या बाद फेरीत. बाबाला आयुष्यात एकदाच, एकदाच, जानेवारीतल्या सामन्यात मुख्य म्हणून उतरायचं होतं. सकाळी अंडी खाताना तो मला, म्हणजे जोला, म्हणाला, "जो, आज मला खांद्यावरून नेलं तरी चालेल. पण सामना संपल्यावर."

"बोलू नकोस असं," आई म्हणाली.

"विनोद होता, डार्ला."

"मग हसू यायला हवं होतं."

सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि बर्फाचा भुगा तोंडावर बसत होता. आमच्या जागा कोपऱ्यात, गोलरेषेजवळ, खालून चौथ्या रांगेत. ओमाहाचा कॉर्टलंड ग्रीव्ह्ज पहिल्या मिनिटापासून बाबाच्या मागे होता. हा ग्रीव्ह्ज म्हणजे बैल नाही, बैल निदान गवत खातो. पहिल्याच धडकेत त्यानं बाबाला पाठीवर घेतलं आणि गोणी टाकावी तसं टाकलं. दुसऱ्या वेळी हेल्मेटच्या जाळीतून बोटं घालून नाक चेपलं. बाबा उठला तेव्हा हनुवटीवरून रक्त ओघळून जर्सीवरचा आकडा भिजला होता.

"काय आजोबा," ग्रीव्ह्ज ओरडला, आम्हाला चौथ्या रांगेत ऐकू आलं, "घरी जा ना! सूप गार होतंय!"

"तुझ्या आईनं केलंय ना? मग गारच बरं," बाबा म्हणाला आणि त्याच्याच डोक्यावरून टचडाऊनचा, म्हणजे सहा गुणांचा, चेंडू फेकला. आई गं! मी बाकावर चढून नाचले. मागच्या आजींनी माझ्या टोपीवर बिअर सांडली आणि मला काहीही वाटलं नाही.

मोसे काका तेव्हा ग्रीव्ह्जच्या छातीवर बसला होता. मोसे काका म्हणजे मोसेसे ताउफा, आमचा सेंटर. बाबाच्या पुढे वाकून उभा राहतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्यानं दिल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. टोंगा बेटांवरचा आहे, एकशे पंचेचाळीस किलो, आणि माझ्या वाढदिवसाला अख्खं डुक्कर भाजतो. त्यानं ग्रीव्ह्जच्या हेल्मेटवर कोपर घातलं, ग्रीव्ह्जनं त्याच्या पोटात गुडघा घातला, मग सहा-सात जणांचा ढीग झाला आणि ढिगातून बाहेर आलेल्या एकाचा खालचा ओठ लोंबत होता. पंचांनी फाउलचे चार पिवळे रुमाल टाकले. लोक खूश. मीही खूश. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही सतरा-तेरा पुढे होतो. बाबानं चेंडू घेतला, मागे सरकला, लांब बघत राहिला. ग्रीव्ह्ज डावीकडून आला. त्याला कोणीच अडवलं नाही. बाबा बघत नव्हता. मी बघत होते. ग्रीव्ह्जच्या हेल्मेटचा माथा बाबाच्या हनुवटीखाली बसला आणि एक आवाज आला, कोरडं लाकूड मोडल्यासारखा. बाबाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. खाली आपटताना डोकं एकदा आपटलं, वर उसळलं, पुन्हा आपटलं. मग त्याचे हात कोपरात वाकून हवेत तसेच ताठ राहिले, बोटं वळलेली. चेंडू कुठे गेला कोणास ठाऊक.

आमच्यात रीत अशी आहे की आपला क्वार्टरबॅक तीन सेकंदांहून जास्त जमिनीवर दिसता कामा नये. वर काचेमागे एक माणूस दुर्बीण लावून बसलेला असतो, त्याला दिसलं तर तो खेळाडूला बाहेर काढतो. म्हणून आघाडीचे पाचही जण धावले. मोसे काकानं बाबाला खांद्याच्या गाद्यांना धरून उभं केलं आणि बाकीचे भोवती कोंडाळं करून काहीतरी मसलत चाललीय असं दाखवायला लागले. बाबाचे पाय त्या कोंडाळ्याच्या खालून दिसत होते. ते सरळ नव्हते.

पण ते हवेतले हात दुर्बिणीतून दिसलेच होते. शिट्टी झाली. बाबाला निळ्या तंबूत नेलं.

आईनं माझा हात धरला. "पेल्टियर डॉक्टर चांगल्या आहेत," ती म्हणाली. "त्या कोणाचं ऐकत नाहीत. काही असेल तर त्या नाही सोडणार. बघ तू."

पाच मिनिटं झाली. सहा झाली. मग तंबूचा पडदा उघडला आणि बाबा बाहेर आला, हेल्मेट हातात, अंगठा वर. सगळं मैदान असं गरजलं की बाक हलले. आई रडत टाळ्या वाजवायला लागली.

मी मात्र बोटांवर मोजायला लागले. चार शब्द. त्याला चारच सांगायचे होते. दहापैकी चार, पाय सहा वेळा टेकायचा, ऑगस्टपाशी थांबायचं. डोक्याचा चुरा झालेला माणूसही तेवढं करू शकतो. माझ्या मार्कांवर तो पास झाला होता!

"आई," मी म्हणाले, "जुलैची परीक्षा खोटी होती."

"कुठली परीक्षा?"

"डोक्याची. मी त्याला मुद्दाम कमी मार्क मिळवायला शिकवलं. डॉक्टरना काहीच कळणार नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तिचा हात वरही आला. मग ती म्हणाली, "जा. खाली जा. मी वरून कोणाला तरी गाठते," आणि पायऱ्या चढून पळत सुटली.

मी खालच्या कठड्यापाशी पोचले तोवर बाबा मैदानात होता. आमचे खेळाडू आमच्याच गोलरेषेपाशी, माझ्यापासून वीस पावलांवर. डॉक्टर तिकडे मधोमध, साठ यार्डांवर, पाठमोऱ्या. पिवळ्या कोटातला रखवालदार आडवा आला.

"मागे हो, पोरी."

"तो माझा बाबा आहे."

"आज इथे सगळ्यांचाच बाबा आहे तो. मागे हो."

तेवढ्यात मी बघितलं. बाबा पुढे चालत गेला आणि मोसे काकाच्या मागे नाही, त्याच्या शेजारच्या माणसाच्या मागे जाऊन उभा राहिला. हात पुढे करून. तिथे चेंडू नसतोच. पंधरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, झोपेतही चुकला नसता. मोसे काकानं वाकल्या वाकल्या हात मागे नेला, बाबाच्या मांडीला धरलं आणि त्याला ओढून आपल्या मागे आणलं, लहान मुलाला रांगेत लावतात तसं. पलीकडे ग्रीव्ह्जनं ते पाहिलं आणि तो दात काढून हसला. मग त्यानं पाय मागे रोवले.

आणि मैदान शांत झालं. आमच्याकडे आपला क्वार्टरबॅक हाका द्यायला लागला की साठ हजार लोक तोंडं मिटतात, त्याचा आवाज त्याच्या माणसांपर्यंत पोचावा म्हणून. त्या वेळी बोलणं म्हणजे पाप. खोकणाऱ्यालाही लोक कोपर मारतात.

मी कठड्यावर चढले आणि पोटातून ओरडले. "मोसे काका, चेंडू देऊ नको! त्याचे जुलैचे मार्क खोटे आहेत! मीच शिकवलं त्याला!"

साठ हजार लोकांनी ऐकलं. कोणीतरी "गप्प बस गं!" म्हणून माझ्या पाठीत बर्फाचा गोळा हाणला. रखवालदारानं माझ्या पायाला धरलं.

मोसे काकानं मान वळवली नाही. पण त्याला कळलं. जुलै म्हटल्यावर त्या लोकांना आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. त्याचेही मार्क खोटेच असणार.

"हट!" बाबा ओरडला, चेंडू मागायची हाक. चेंडू आला नाही. "हट! हट!" नाही. चेंडू द्यायची वेळ संपली, पिवळा रुमाल पडला, लोक शिव्या द्यायला लागले.

"काय झालं तुला?" बाबा किंचाळला. "दे! दे की!"

मोसे काका सरळ झाला. त्यानं चेंडू उचलला, काखेत मारला आणि डॉक्टरच्या दिशेनं चालायला लागला. असं कोणी करत नाही. करायचं नसतं. पंच शिट्ट्या फुंकत मागे धावले. ग्रीव्ह्ज गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. "अरे, चाललात कुठे? खेळणं घेऊन घरी चाललास होय रे?"

बाबा मोसे काकाच्या मागे पळाला. सरळ पळत नव्हता, डावीकडे झुकत होता. त्यानं काकाला खांद्याला धरून वळवलं आणि तोंडावर ठोसा मारला. उजव्या हातानं. फेकायच्या हातानं. हेल्मेटच्या लोखंडी जाळीवर. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दुसऱ्याच ठोशाला बोटं गेली असणार, कारण तिसऱ्या वेळी मूठ वळलेलीच नव्हती. तरी मारत होता. जाळी आत दबली, काकाच्या ओठातून रक्त आलं. काका उभा राहिला. मार खात राहिला आणि बाबाच्या डोक्यावरून डॉक्टरकडे बघून म्हणाला, "जुलै खोटा आहे, बाई. पोरीला विचारा."

डॉक्टर पेल्टियर कठड्यापर्यंत चालत आल्या, एवढे साठ यार्ड. माझा एक पाय अजून रखवालदाराच्या हातात होता.

"खरं आहे?"

"दहापैकी चार," मी म्हणाले. "त्याला दहाच्या दहा यायचे."

सामना आम्ही सतरा-वीस हरलो. बाबाच्या जागी आलेल्या पोराला ग्रीव्ह्जनं पहिल्याच चेंडूला असं आडवं केलं की त्याचा गुडघा भलत्याच दिशेला वळला. ते मी बघितलं नाही, ऐकलं. मी तेव्हा खाली बोगद्यातल्या खोलीत होते. बाबा टेबलावर, उजवा हात वांग्यासारखा सुजलेला. वर सामना संपला तेव्हा डॉक्टरांनी त्याला नवे दहा शब्द दिले. या वेळी बाबानं जीव तोडून प्रयत्न केला. कपाळाची शीर फुगली, ओठ हलत होते. दोन आले.

डॉक्टर रुग्णवाहिका बोलवायला बाहेर गेल्या. आई आणि जर्सीतच आलेला मोसे काका टेबलापाशी थांबले. बाबा माझ्याकडे वळला.

"कोण जिंकलं गं?"

"ओमाहा."

"कसं काय? मी कुठे होतो?"

"मी तुला बाहेर काढलं. जुलैचं सगळं सांगितलं मी."

त्यानं डाव्या हातानं हेल्मेट उचललं आणि फेकलं. ते माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या कपाटाच्या दारात रुतलं. "चालती हो! पंधरा वर्षं! पंधरा वर्षं गं! चालती हो इथून!" मग तो बादलीत ओकला. आईनं त्याचं तोंड पुसलं, हेल्मेट उचलून परत टेबलावर ठेवलं.

चार मिनिटांनी त्यानं वर बघितलं. चेहरा स्वच्छ. "जो! कोण जिंकलं?"

आई माझ्या कानाशी आली. "डॉक्टरनी काढलं म्हण. त्याला कुठे लक्षात राहणार आहे?"

"म्हणूनच नाही," मी म्हणाले. आणि सगळं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या वेळी त्यानं टेबलावर डोकं आपटायला सुरुवात केली, आम्ही तिघांनी त्याला धरलं, मोसे काकानं बहुतेक. तिसऱ्या वेळी त्यानं मला अशा शिव्या दिल्या ज्या मी शाळेच्या बसमध्येही ऐकल्या नव्हत्या. चौथ्या वेळी तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

"हा कोणी मोडला?"

"तूच. काकाच्या तोंडावर."

"लागलं का रे तुला, मोसे?"

"ओठ फाटला," काका म्हणाला. "तुझी तीन बोटं. फायद्यात मीच आहे."

बाबा हसला, खराखुरा. आणि हसता हसता मध्येच थांबला, खोलीत आत्ताच आल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. बाहेर रुग्णवाहिका मागे घेतल्याचा आवाज येत होता.

"जो," तो म्हणाला, "कोण जिंकलं?"

आधीच्या चारही वेळा मी दाराशी उभी राहून बोलले होते. आता खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसले. हेल्मेट त्याच्या डाव्या हाताशी होतं. मी ते हलवलं नाही.

"ओमाहा," मी म्हणाले. "आणि बाबा, तुला मी बाहेर काढलं."